एकच पंप

एकतीस वर्षं मी पाणी सोडलं
दुसऱ्यांच्या गल्ल्यांत.
पहाटे साडेचारला सायकलच्या दांडीला लोखंडी चावी बांधून
आधी हनुमाननगर, मग अजनी, मग उताराकडची वस्ती.
रस्त्यातल्या झाकणाखाली वाकून
अठरा फेरे डावीकडे
आणि कान पाइपाकडे.
पाणी येण्याआधी हवा येते, खोकते,
मग कुठंतरी कोणाचा नळ बोलतो.
ते पाणी मी कधी पाहिलं नाही.

रिटायर झाल्यावर हुडकेश्वरच्या घरामागे,
लिंबू आणि कंपाउंडच्या मधल्या जागेत
गुडघाभर खणलं.
आपली काळी माती, उन्हाळ्यात तोंड उघडते,
पहिलं सिमेंट तिनं होळीआधीच फोडलं.
मग काळा प्लास्टिक कागद, दुहेरी.
काठाला रस्ता खोदताना निघालेले दगड,
कंत्राटदाराला विचारून आणलेले.
आणि भिंतीलगत बारा फुटांचा ओहोळ,
एका टोकाला वीतभर उंच.
उतार नळीत पाणी भरून मोजला. जुनी सवय.

"काहून करता जी हे?" कौतिका म्हणाली.
"पाण्याले घरी बोलावून चहा पाजता काय?"

पंप कूलरचा. निळा, अठरा वॅटचा,
हिवाळ्यात तसाही बेकार पडलेला.
कूलरला नवा घेऊ म्हटलं.

भरायला बावीस दिवस लागले.
रोज एक बादली, आमच्याच वाट्याची,
कारण शेवटच्या गल्लीतल्या गजभियेबाई अजून आठवतात.
रिकामा गुंड माझ्यासमोर आपटून म्हणाल्या होत्या,
"चावी फिरवता का हवा विकता?"

मग येणारे आले.
आधी डास.
मग मलेरिया खात्याचा पोरगा टॉर्च घेऊन,
वहीत "अळी आढळली" लिहून, माझी सही घेऊन
पिशवीतले पंचवीस गप्पी मासे सोडून गेला.
मग बेडूक, कुठून कोण जाणे.
मग साळुंक्या, आंघोळीला, भांडत.
मग शेजारच्या हेडाऊंची नात आर्वी,
काठावर उकिडवी:
"आजोबा, ही नदी जाते कुठं?"
"टाक्यात."
"मग?"
"मग पाइपातून पुन्हा वर."
तिनं बराच वेळ पाहिलं.
"म्हणजे ती इथंच राहते," म्हणाली.

नवतपा लागला.
कूलरचा नवा पंप दुसऱ्याच दुपारी जळला.
दुकानात ही गर्दी. "परवा या, काका."
कौतिकाचा चेहरा लाल, बीपीची गोळी संपत आलेली.
ती काही बोलली नाही,
बोलली असती तर बरं होतं.

टाक्यात कोपरापर्यंत हात घालून
पंप उपटला.
ओहोळ तरी दोन मिनिटं उतरत राहिला,
जसं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

रात्री पडलो.
ओल्या खसाचा वास, पंख्याची घरघर
आणि तिच्या खालून
तोच निळा पंप, तोच घोगरा सूर,
तीन बाजूंनी पाणी खाली येऊन राहिलं होतं.
कौतिका कधीच घोरायला लागली होती.
मी कान लावून.
इतका वेळ पाणी
माझ्या घरी कधी बोललं नव्हतं.

सकाळी आर्वी फाटकाशी.
"नदी बंद?"
तिला मागच्या खिडकीशी नेलं,
कूलरच्या जाळीला तिचा तळवा टेकवला.
दचकून हात काढला. परत लावला.
"घरात गेली," ती म्हणाली.
"तिला ऊन लागत होतं ना?"
"हो व माय," कौतिका आतून.

माशांवर ओलं पोतं टाकलंय,
दुपारी एक बादली जास्तीची.
दुकानदाराच्या परवाला आज चौथा दिवस.